दोनवर टाळी

दुपारी जेवून मी आडवी होते ती झोपायला नाही, रागवायला. सकाळी कामं असतात, संध्याकाळी माणसं येतात. स्वस्थपणे रागवायला दुपारच काय ती मिळते. आज तर राग माझ्या पोटावरच ठेवलेला आहे. प्रूफांचा गठ्ठा आहे तो. वरच्या पानावर ठळक अक्षरांत 'जॅझ : एक रसयात्रा' आणि त्याखाली 'लेखक : तात्या गुळवणी'.

आतली सगळी पानं माझी आहेत. 'रसयात्रा' हा शब्द तेवढा माझा नाही. असले शब्द मी फोडणीतसुद्धा घालत नाही.

तात्या गुळवणी म्हणजे आमच्या पेपरच्या रविवार पुरवणीचे संपादक. गेल्या दिवाळीनंतर गेले, चांगले पिकून गेले. मी ऐन उमेदीत त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले आणि मुंबईच्या हॉटेलांत जे जॅझ वाजायचं त्यावर दर पंधरवड्याला लिहू लागले. मराठीत तेव्हा असलं कुणी लिहीत नव्हतं. लेख छापून यायचे, पण वर नाव असायचं 'आमच्या संगीत प्रतिनिधीकडून'. माझं नाव त्याच पुरवणीत दोन पानं पुढे, 'चूल आणि चव' या सदरावर. हेमलता टिपणीस, फोटोसकट. प्रतिनिधीला वाचकांची पत्रं यायची ती 'श्रीयुत' म्हणून. मला यायची ती अळूवडी तळताना का सुटते हे विचारायला.

पेपर केव्हाच बंद पडला. हातानं लिहिलेले कागद छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून झाले की रद्दीत जात. तात्यांच्या मुलाला, मकरंदला, वडिलांच्या कपाटात कात्रणं सापडली आणि लोक मानत होते तसं त्यानंही ठरवून टाकलं की ते प्रतिनिधी म्हणजे बाबाच. आता मला म्हणतो, "मावशी, तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात. दोन पानांची प्रस्तावना द्या ना." आज पाच वाजता तो प्रूफं आणि प्रस्तावना न्यायला येणार, उद्या पुस्तक छपाईला जाणार. फोनवर मी त्याला "बघते" म्हणाले. माझा सगळ्यांत जास्त राग त्या 'बघते'वर आहे. पण हे लेख माझे असं म्हटलं की तो काय विचारणार ते मला माहीत आहे. पुरावा आहे का, मावशी?

घरात शोधण्यासारखं काही नाही. एक लाल पेन्सिल नाही माझ्या घरात. तात्यांच्या कानावर जन्मभर लाल पेन्सिल असायची, म्हणून मी ती हट्टानं कधी आणली नाही.

पंखा फिरतोय. एक पातं सैल आहे, त्याचा आवाज येतो. मी मोजते. एक गिळायचा, दोनवर खट्. तीन गिळायचा, चारवर खट्. प्रूफं श्वासाबरोबर वरखाली होतात. पापण्या जड होतात, राग मात्र हलका होत नाही.

"पंख्याला तेल घाल," तात्या म्हणतात.

पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसलेत. अंगात तोच खादीचा सदरा, कानावर पेन्सिल. हातातल्या तपकिरीच्या डबीवर बोट वाजवताहेत.

"तुम्ही गेलात ना?" मी विचारते.

"गेलो की. शोकसभेला दिसली नाहीस."

"आले होते. मागे उभी होते. पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या."

"भाषणं बरी झाली."

"खोटी झाली. मराठी कानाला जॅझ कुणी शिकवलं म्हणे? तात्यांनी."

"मी थोडाच म्हणालो तसं."

"जिवंतपणी सत्कार घेतलेत. शाल घेतलीत, नारळ घेतलात. एकदा तरी म्हणालात का, की अहो, हे मी नाही लिहिलं?"

तात्या चिमूट नाकाशी नेतात. "सत्काराला नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसतं, हेमलता."

मला उठून बसायचंय, पण गठ्ठा पोटावर फार जड झालाय. तात्या इकडेतिकडे बघतात, मग मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणतात, "मला एकदा ऐकायचंय ते. तुझं जॅझ. मला आत सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही?"

"दारवान. एकट्याला नाही म्हणतो. जोडीनं या म्हणतो."

मी पलंगाखाली पाय सोडते तो गालिच्यावर पडतो. लाल, जाड गालिचा. पायऱ्या वर चढतात आणि वर हॉटेल ॲडमिरलचं काचेचं दार. बाहेर समुद्र असायला हवा तिथे माझ्या चाळीचा जिना आहे, आणि त्यावर कुणाचे तरी पापड वाळत घातलेत. दारावर पितळी पाटी आहे : फक्त जोडप्यांना प्रवेश.

ही पाटी मला पाठ आहे. एकटा पुरुष आला तर दारवान कुरकुर करायचा, वर्तमानपत्राचं नाव सांगितलं की सोडायचा. एकटी बाई आली तर तो पाटीकडे बोट दाखवायचा आणि तिला खालपासून वरपर्यंत बघायचा. त्या बघण्याचा अर्थ विचारावा लागत नसे. मी तात्यांना सांगितलं होतं, कुणाला तरी माझ्याबरोबर पाठवा. तात्या म्हणाले होते, कुणाला पाठवू? उद्या लोक तुम्हा दोघांबद्दल बोलतील. जा मागच्या दारानं.

"चल ना," तात्या आता कोपर पुढे करतात. "हात धर. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"नाही धरणार."

"अगं, मी मेलेला माणूस आहे. आता कोण काय बोलणार?"

"मग मागच्या दारानं या," मी म्हणते आणि चालू लागते. मागे त्यांच्या चपलांचा आवाज येतो. जन्मात पहिल्यांदा ते माझ्या मागून येताहेत.

हॉटेलचं स्वयंपाकघर तसंच आहे, ओलं आणि वाफेनं भरलेलं. कांद्याचा वास आहे, पण त्यात छपाईच्या शाईचा वास मिसळलाय. मोठ्या कढईशी आचारी उभा आहे. तो परततोय ते शिशाचे खिळे आहेत. मी वाकून बघते. हे, म, ल, ता. उलटी अक्षरं, पण स्वतःचं नाव माणसाला उलटंही वाचता येतं. आचारी त्यावर हळद टाकतो.

"ते नाव मला द्या," मी त्याला म्हणते.

"असू दे," तात्या मागून म्हणतात. "ते अळूवडीला लागेल."

मी त्यांच्याकडे वळते. "का नाही दिलंत नाव?"

"तुझ्या भल्यासाठी. हॉटेल, दारू, नाचणारी माणसं आणि वर बाईचं नाव? तुझं लग्न जमलं असतं?"

"नाहीच जमलं."

"निदान माझ्यामुळे मोडलं असं तरी झालं नाही."

"मला लग्न नको होतं, तात्या. मला नाव हवं होतं. मी तसं सांगितलं होतं तुम्हाला, तुमच्या टेबलासमोर उभी राहून."

"वाचकांचा विश्वास बसला नसता."

"वाचकांचा, की तुमचा?"

ते डबी उघडतात. उत्तर नसलं की डबी उघडायची ही त्यांची सवय ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. आम्ही मुली त्याला तात्यांचं मौनव्रत म्हणायचो. तेव्हा त्याचं हसू यायचं. आज मला ती डबी कढईत फेकाविशी वाटते.

मी दार ढकलते.

हे दार वाद्यवृंदाच्या मागे उघडतं, अगदी ड्रमवाल्याच्या पाठीशी. तिथे सोड्याच्या बाटल्यांचा लाकडी खोका उपडा घालून ठेवलेला असायचा, माझ्यासाठी. तो आहे. आणि ड्रमवाल्या सेबी मस्करेन्हासची पाठही आहे. पांढरा कोट, मानेवर घामानं चिकटलेली कॉलर, उजव्या बुटाची बाहेरच्या बाजूनं झिजलेली टाच. सेबीला जाऊनही कितीतरी वर्षं झाली, पण मला त्याची भीती वाटत नाही. मी सगळं जॅझ ऐकलं ते याच्या पाठीमागून. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा चेहरा मी कधी धड पाहिला नाही. पण तो सूर लावण्याआधी त्याचे खांदे कसे उचलले जातात ते मी पाहिलंय, आणि तेच लिहिलंय.

समोर नाचायची फरशी नाही. पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या आहेत आणि त्यांवर शोकसभेची माणसं, पांढऱ्या कपड्यांत, हातात अळूवडीच्या बशा. पियानोवर तात्यांचा हार घातलेला फोटो.

"माझाच का?" तात्या कुजबुजतात.

"दुसऱ्या कुणाचा लावतात?"

सेबी मान न वळवता म्हणतो, "बाय, बस. सुरू करतां."

पहिल्या संध्याकाळीही तो मला बायच म्हणाला होता. आमच्या घरी दर गुरुवारी भजन. वडील पेटी वाजवायचे आणि आम्ही भावंडं समेवर टाळी द्यायचो. तीच टाळी मी इथे या खोक्यावर बसून दिली होती, एकवर आणि तीनवर. सेबीनं वाजवता वाजवता मागे वळून सांगितलं, "बाय, तशी नको. एक गिळून टाक. दोनवर टाळी. तीन गिळ. चारवर टाळी." मला वाटलं होतं, त्यात काय मोठंसं. तर हात ऐकेनात. समेवर टाळी द्यायची सवय रक्तातच असते. मी कणीक मळताना मोजायची, ऑफिसचा जिना चढताना मोजायची, आणि एका संध्याकाळी माझा हात आपला आपण दोनवर पडला. सेबीनं नुसती काठी उंचावली. एवढं कौतुक मला तात्यांकडून कधी मिळालं नाही.

वाद्यं सुरू होतात. खोका माझ्या खाली थरथरतो. तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत. थोड्या वेळानं त्यांच्या हातातली डबी तशीच राहते, उघडी.

"अरे," ते म्हणतात. "हे असं आहे होय."

"मी लिहिलं होतं की."

"वाचताना मला वाटायचं तू सजवतेस."

हे ते अगदी साधेपणानं म्हणतात. मला ओरडावंसं वाटतं. म्हणजे माझा एकही लेख छापताना या माणसाला तो खरा वाटला नव्हता, आणि तरी त्यानं कात्रणं कपाटात जपली.

आणि मग तात्या टाळी देतात. रंगात येऊन, मान हलवत, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून द्यावी तशी. एकवर. तीनवर. पांढऱ्या खुर्च्यांतली सगळी डोकी वळतात. सेबीच्या काठ्या थांबतात आणि वाजवणं पाण्यासारखं ओसरून जातं.

"थांबा," मी म्हणते. "हात खाली घ्या."

"का? चुकलो का?"

"तेव्हाही चुकला होतात."

तात्यांना आठवत नाही. मला आठवतं. या हॉटेलात वर्षअखेरीचा मोठा कार्यक्रम झाला होता, तो माझा सगळ्यांत चांगला लेख. मी लिहिलं होतं, 'अखेरीस सारं सभागृह दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या देऊ लागलं.' तात्यांनी ते वाचलं, पोरगी चुकली असं त्यांना वाटलं, आणि मला न विचारता लाल पेन्सिलीनं केलं 'पहिल्या आणि तिसऱ्या'. टाळी समेवर नाही तर काय मधेच द्यायची? नाट्यगीतांवर वाढलेला माणूस. पुढच्या खेपेला मी या दारातून आत आले तर सगळा वाद्यवृंद उठून उभा राहिला आणि माझ्या स्वागताला टाळ्या देऊ लागला. एक, तीन. एक, तीन. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. सेबी तेवढा हसला नाही. म्हणाला, "कितें बरयलां गो तुवें हें?"

काय लिहिलंस हे, असं त्यानं विचारलं, आणि मला सांगता आलं नाही. आमच्या धंद्याचा रिवाज होता. छापलं ते प्रतिनिधीचं. चुकलं तेही प्रतिनिधीचं. संपादकाचा हात बाहेर दाखवायचा नाही. सेबीनं बरेच महिने माझ्यासाठी खोका ठेवला नाही. मी दारात उभी राहून ऐकलं.

हे सगळं मी तात्यांना ऐकवते.

"या अख्ख्या पुस्तकात तुमचं एवढं एकच वाक्य आहे, तात्या," मी म्हणते. "आणि ते चुकलेलं आहे."

तात्यांचा चेहरा बदलतो. मला वाटतं, आता माफी मागतील. मला ती नकोही आहे आणि हवीही आहे.

"कुठल्या पानावर?" ते विचारतात.

प्रूफांचा गठ्ठा माझ्या हातातच आहे. मी पान काढून देते. ते कानावरची पेन्सिल काढतात, टोक जिभेला लावतात आणि पियानोवर पान ठेवून आपल्या फोटोच्या उजेडात दुरुस्ती करतात. हार बाजूला सारून, नीट, सावकाश. मग पान परत देतात.

"बरं झालं सांगितलंस. लोक हसले असते."

"कुणाला?"

"मलाच ना. वर नाव माझं आहे."

माझे कान तापतात. "मग तेही काढा. तीच पेन्सिल घ्या आणि पहिलं पान घ्या."

"पहिलं पान माझ्याकडे येत नाही. ते मकरंद बघतो." ते डबी शोधू लागतात. "आणि खरं सांगू का, तुझ्याकडे तरी पुरावा काय आहे?"

"तुम्ही विचारता मला? तुम्ही?"

"मी नाही गं. लोक विचारतील."

"तर लोकांना हे सांगा," मी म्हणते, आणि मला कळतं की मी ओरडतेय आणि सेबीची पाठ ताठ होऊन ऐकतेय. "तिसऱ्या लेखात ड्रमवाल्याच्या बुटाची झिजलेली टाच आहे. पुढच्या टेबलावर बसून ती दिसते? सातव्यात कॉलरच्या मागचा रफू आहे. एका लेखात पियानोच्या पाठीला खडूनं लिहिलेला आकडा आहे. सगळं पुस्तक मागून लिहिलंय, तात्या. स्वयंपाकघराच्या दारातून. तुम्ही मागून राहू द्या, पुढच्या दारानंसुद्धा कधी आला नाहीत."

तात्या खिसे चाचपतात. डबी सापडत नाही. मग त्यांचे हात आपोआप वर येतात आणि टाळी पडते. एक. मी त्यांची मनगटं धरते. त्यांना वजनच नाही.

"एक गिळा," मी म्हणते.

"नाही गिळवत गं."

"मग मला बरा गिळायला लावलात?"

खट्.

पंखा. खट्. भिंतीवर उन्हाची पट्टी कपाटापर्यंत सरकलीय. माझे हात हवेत आहेत, मुठी आवळलेल्या. घसा कोरडा पडलाय, म्हणजे मी खरंच ओरडले असणार. प्रूफं जमिनीवर घसरून पसरलीत.

मी खाली बसून ती गोळा करते. वर्षअखेरीच्या लेखाचं पान सगळ्यांत वर आहे. 'पहिल्या आणि तिसऱ्या' या शब्दांवर लाल रेघ. समासात लाल अक्षरांत 'दुसऱ्या आणि चौथ्या'. तिरकं, घाईचं अक्षर, आणि 'थ्या'चा काना खाली ओढलेला. ऑफिसात हा काना आम्ही लांबूनही ओळखायचो.

मी लाल पेन्सिल शोधते. गादीखाली, उशीखाली, शिवणाच्या डब्यातसुद्धा. नाही. मग पहिलं पान बघते. तिथे काही केलेलं नाही. 'लेखक : तात्या गुळवणी', जसंच्या तसं. मेल्यानंतरही या माणसानं दुरुस्त केलं ते स्वतःपुरतंच.

बेल वाजते.

मकरंद सभ्य आहे. येताना फळं आणलीत, चपला बाहेर काढल्यात. "झाली का प्रस्तावना, मावशी?"

मी त्याच्या हातात ते पान देते. तो बघतो आणि खुर्चीवर बसतो. "हे बाबांचं अक्षर आहे."

"हो."

"पण ही प्रूफं तर परवा आलीत छापखान्यातून."

"ते मला विचारू नकोस. काय खोडलंय ते वाच. या पुस्तकात त्यांचं तेवढंच होतं. ते त्यांनी परत घेतलं." मी तिसरा लेख काढून त्याच्यासमोर ठेवते. "आता हे वाच. बुटाची टाच आहे तिथून वाच. आणि सांग मला, लिहिणारा कुठे बसलाय?"

तो वाचतो. खूप वेळ वाचतो. मी सरबत करत नाही, पंखा वाढवत नाही, काही करत नाही.

"मागे बसलाय," तो शेवटी म्हणतो. मग कागदाकडेच बघत म्हणतो, "बाबा रोज नऊला झोपायचे, मावशी. एकही दिवस चुकला नाही. आम्हाला रेडिओ लावू द्यायचे नाहीत."

"मग?"

मी माझं निळं पेन उघडते, पहिलं पान पुढे ओढते आणि तात्यांचं नाव खोडते. एका रेघेनं, कागद फाटेल इतकं दाबून. खाली माझं नाव लिहिते. मग 'रसयात्रा'ही खोडते.

मकरंद अडवत नाही. नुसतं विचारतो, "बाबांचं नाव कुठेच नाही घालायचं?"

"घाल की," मी म्हणते. "आतल्या पानावर, खाली, बारीक टायपात. मुद्रितशोधन : तात्या गुळवणी."